पाठमोरा दगड

एल्डर क्रीक टाऊनशिप, ओहायो
१५ एप्रिल १९५६

ती. लिंगम्मा अक्का,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना विरुपाक्षाचा शरणु. माझी प्रकृती बरी आहे, खोकला गेला. तू पाठवलेली शेंगाची चटणी पोचली. डबा वाटेत चेपला होता, त्यामुळे थोडी सांडली, आणि टपालाच्या पिशवीला अजून लसणाचा वास येतो असं आमचा पोस्टमन मला रोज हसत हसत ऐकवतो.

तुझं पत्रही त्याच दिवशी मिळालं. तू जे विचारलं आहेस त्यावर लिहायचंच आहे. पण तुझा एक जुना प्रश्न शिल्लक आहे, तो आधी मिटवतो. 'तू राहायलास ते गाव हाय का शहर हाय?' असं तू दिवाळीत विचारलं होतंस. तेव्हा लिहिलं नाही, कारण मलाच ठरवता येत नव्हतं.

ह्याला टाऊनशिप म्हणतात. गाव म्हणावं तर वेस नाही, पार नाही, आठवडी बाजार नाही. शहर म्हणावं तर अंधार पडला की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माझं कॉलेज शहरात, बसने अर्ध्या तासावर. शिक्षकांच्या योजनेत आलेल्या आम्हा परदेशी मास्तरांना कॉलेजने घराघरांत वाटून दिलं, आणि मी वेबरबाईंच्या वाट्याला आलो. विधवा आहेत, साठीच्या पुढच्या. कमी बोलतात, पाव चांगला करतात.

टाऊनशिपच्या एका अंगाला जुनी शेतं आहेत, मक्याची आणि सोयाबीनची. दुसऱ्या अंगाला सफरचंदाची बाग तोडून उभी केलेली नवी वसाहत. लढाईवरून परतलेली तरुण मंडळी तिथं राहतात. घरं सगळी एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी. आणि अक्का, कुंपण कुठंच नाही. एकाचं अंगण कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, हे फक्त गवत कापणाऱ्याला ठाऊक. आपल्याकडं बांधाच्या वीतभर मातीसाठी भाऊ भावाच्या दारी जात नाही, हे मी वेबरबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इथंही जात नाहीत. कारणं वेगळी असतात."

प्रत्येक घरासमोर खांबावर पत्र्याची पेटी असते. आपल्याला पत्र पाठवायचं असलं की ते पेटीत ठेवायचं आणि बाजूचा लाल पत्रा उभा करायचा. पोस्टमन तो बघून थांबतो. ह्याआधी तुला उत्तर लिहून मी दोनदा पेटीत ठेवलं आणि दोनदा परत काढलं. पत्रा खालीवर होताना बघून समोरच्या घरातली बाई चिंतेत पडली असेल.

इथला कारभार तिघं निवडून आलेली माणसं बघतात. एक शेतकरी, एक न्हावी, एक विम्याचा एजंट. त्यांच्याकडं तीनच कामं: रस्ते, गटारं आणि दफनभूमी. तहसीलदार नाही, गिरदावर नाही, शिरस्तेदार नाही. हिवाळ्यात त्यातला शेतकरी, ऑटो नावाचा, स्वतः गाडी चालवून रस्त्यावरचं बर्फ लोटतो, आणि उन्हाळ्यात दफनभूमीचं गवत कापतो. आग लागली तर भोंगा वाजतो आणि न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून बंबावर चढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं. अर्धी दाढी झालेला माणूसही मागं धावत होता, कारण तोही बंबावरचाच.

मार्चमध्ये कळलं की शेजारच्या शहराला ही नवी वसाहत आपल्यात ओढून घ्यायची आहे आणि त्यावर सभा आहे. सीमेचा वाद! माझं रक्त उसळलं. पहिल्या रांगेत जाऊन बसलो. आता कुणीतरी उठेल, पूर्वजांचं नाव घेईल, टेबलावर मूठ आपटेल. अक्का, सगळी सभा सांडपाण्याच्या नळावर झाली. नळ कुणाचा, किती रुंद, कुठून जाणार. भाषेबद्दल शब्द नाही, रक्ताबद्दल नाही, मातीबद्दल बोलले ते नळ किती खोल पुरायचा एवढंच. शेवटी कॉफी प्याले आणि घरी गेले. मी तसाच बसून राहिलो, लग्नाला जेवायला जाऊन उपाशी उठल्यासारखा.

मलाही त्याच हॉलमध्ये हिंदुस्थानावर बोलायला लावलं. वीस मिनिटं म्हणाले होते. तू हसशील. 'तुला माईकबी लागत न्हाई अन् घड्याळबी लागत न्हाई' हे तुझंच वाक्य. निजामाच्या राज्यात आपल्या पोरांना घरची भाषा शाळेच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागे, जोड्यासारखी, हे मी सांगितलं तेव्हा बायांनी विणकाम थांबवलं. मग मीच त्यांना विचारलं, तुमच्या नव्या वसाहतीत काळ्या रंगाचं एकही कुटुंब का नाही? न्हावी म्हणाला, "कुणी घर मागायला आलंच नाही." मी म्हटलं, "आलं तर?" सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. बसवण्णांचं नाव घेणाऱ्या घरात वाढलेला माणूस तिथं गप्प बसू शकत नव्हता, म्हणून आणखी बोललो. वीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. तरी दुसऱ्या दिवशी न्हाव्याने माझे केस कापले आणि म्हणाला, "तुम्ही विचारलंत ते माझ्या बायकोने रात्री मला परत विचारलं." माणसं वाईट नाहीत. आपल्यासारखीच आहेत, म्हणजे विचारेपर्यंत सुखी.

आता तुझा प्रश्न.

अप्पांना जाऊन दोन महिने झाले. उदगीर रस्त्याच्या शेतात, आजाच्या कट्ट्याशेजारी, आपल्या रीतीप्रमाणं त्यांना खड्ड्यात बसवून माती दिलीत. हातात लिंग, अंगभर विभूती, वर बेलाची पानं. हे सगळं तू लिहिलंस, आणि एकुलता एक मुलगा असून त्यातलं काहीच मी केलं नाही. वर कट्टा बांधून झाला, दगड घडवून आला, नाव कोरायचं तेवढं राहिलं. भगवानराव म्हणतात मराठीत कोरा. ते आमच्या समितीचे चिटणीस; हैदराबादचं राज्य मोडून तालुके वाटले जातील तेव्हा आपलं औराद मराठी मुलखात जावं म्हणून ते आणि मी गावोगाव फिरलो. काकांचा गुरुशांतप्पा दुबलगुंडीहून येऊन म्हणाला, कानडीत कोरा. मठाचे अय्या म्हणाले, मुलाला विचारा. म्हणून तू मला विचारलंस, नाव कुठल्या अक्षरांत?

माझ्यासारख्याला ह्याचं उत्तर एका शब्दात देता यायला हवं. चार वर्षं मी चौकाचौकांत दुसरं काय बोललो?

तुझ्या पत्राचं दुसरं पान मी एकदाच वाचलं आहे. पुन्हा उघडलेलं नाही. मला थोडा वेळ दे.

तुझा धाकटा भाऊ,
विरुपाक्ष


एल्डर क्रीक
१३ मे १९५६

ती. अक्कास शरणु.

तुझं उत्तर मिळालं. 'गाव कळलं. दगडाचं काय?' एवढ्या दोन ओळींत तू माझ्या सहा पानांची वासलात लावलीस. दुकानात अप्पांशेजारी बसून अक्षरं शिकलीस ना, म्हणून ही सवय. गुळाच्या भावाइतकंच लिहायचं.

दगडाचंच लिहितो, पण इथल्या एका दगडाचं.

गेल्या शनिवारी चपात्या केल्या, तुझी उरलेली चटणी घेतली आणि फिरायला निघालो. टेकडीच्या उतारावर हिरवंगार गवत होतं, उभे दगड होते, आणि एका मोठ्या झाडाखाली रुंद बैठकीचा एक दगड. दफनभूमी आहे हे मला ठाऊक होतं. पण ती बैठक दिसली आणि थेट आपल्या आजाचा कट्टा आठवला. तिथं आपण नांगरणीच्या दिवसांत जेवायला बसायचो. अप्पा पहिला घास आजापुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यांना सोडून खायलास तर पचायचं न्हाई." मी बसलो. सवयीनं पहिला घास दगडापुढं ठेवला आणि जेवायला सुरुवात केली.

ऑटो गवत कापायच्या यंत्रावर बसून येत होता. यंत्र बंद करून तो खाली उतरला.

"ते वेबर आहेत," तो म्हणाला.

"कोण?"

"तुम्ही ज्यांच्यावर बसलात ते. तुमच्या घरमालकिणीचे आजेसासरे."

मी ताडकन उठलो. तोंडात घास, धड माफीही मागता येईना. मग सांगितलं की आमच्याकडं वाडवडलांना आपल्याच शेतात बसवतात आणि त्यांच्याजवळ बसून जेवतात. त्यांना सोडून खाल्लं तर वाईट दिसतं. ऑटोने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"तुम्ही त्यांना काय वाढलंत?"

"शेंगदाण्याची चटणी."

"तिखट आहे?"

"आहे."

"मग म्हातारा उठेल."

मी त्यालाही चपाती दिली. तो बैठकीवर नाही, शेजारी गवतात बसला आणि चटणीचं बोट तोंडात घातलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी घास टाकला नाही. म्हणाला, "आता मलाही इथंच जागा द्या." माझ्या पूर्ण भाषणाला ह्या माणसाने एवढी दाद दिली नव्हती.

दगडावर इंग्रजीत नाव होतं आणि दोन सालं. मी म्हटलं, साधा आहे, चांगला आहे. ऑटोने टोपी परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "मागं जाऊन बघा." मागं झुडपांचं दाट कुंपण आहे, आणि दगड त्याला जवळजवळ टेकलेला. फांद्या बाजूला सारून मी डोकं आत घातलं. त्या बाजूलाही अक्षरं होती. ठसठशीत, टोकदार, बाणांसारखी. इंग्रजी नव्हेत. दगडाची खरी घडाई तिकडंच होती, वेलबुट्टी तिकडं, किनार तिकडं. आणि अक्षरांच्या खाचांत काळं काहीतरी गोठून बसलेलं.

"जर्मन आहे," ऑटो म्हणाला. "पुढचं क्लाराला विचारा. मी फक्त गवत कापतो." आणि मी बघत असताना त्याने यंत्र तसंच ठेवलं, कमरेचा विळा काढला आणि त्या अरुंद बोळातलं गवत वाकून हाताने कापलं.

क्लारा म्हणजे आमच्या वेबरबाई. त्यांना मी अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही. हजारोंसमोर बोलणारा माणूस जेवणाच्या टेबलावर एका म्हातारीला प्रश्न विचारायला घाबरतो, ह्यावर विश्वास ठेव.

इकडं भगवानरावांचंही पत्र आलं. ते लिहितात, 'दगड पुरुषभर उंच घ्यावा. येत्या दिवसांत अधिकाऱ्यांच्या मोटारी त्याच रस्त्याने जातील, आतून वाचता आला पाहिजे. तुमचे वडील चनमल्लप्पा यांच्यासारखा लिंगायत व्यापारी मराठी अक्षरांखाली विसावला आहे, ह्याहून मोठा पुरावा कोणता?' आणि तुझ्या त्या दोन ओळींखाली तू कळवलंस की गुरुशांतप्पा बाजारात म्हणत होता, 'कानडी अक्षरं बसू द्या, औराद कुठं जायचं ते दगडच सांगंल.' दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि दोघांचं वाक्य एकच आहे. त्यांना अप्पा नकोत. साक्षीदार पाहिजे, तोही न बोलणारा.

पण अक्का, खोटं कशाला सांगू? भगवानरावांचं पत्र वाचताना मी मान डोलावली. मुद्दा बिनतोड आहे. मी तिथं असतो तर ते वाक्य मीच लिहिलं असतं, आणि सभेत म्हणूनही दाखवलं असतं. टाळ्यांची जागासुद्धा मला दिसते.

तू सुचवलंस, 'एका बाजूला मराठी कोरा, एका बाजूला कानडी. दोघंबी गप बसत्याल.' माझं मन तिकडं झुकलं आहे. तरी आठवडाभर कुणाला काही सांगू नकोस.

गुळाच्या ढेपा झाकून ठेवत जा. मुंग्यांचे दिवस आहेत.

तुझा,
विरुपाक्ष


एल्डर क्रीक
३१ मे १९५६

अक्का,

काल इथं मृतांच्या आठवणीचा दिवस होता. सकाळी मिरवणूक निघाली. पुढं बंब, मागं शाळेचा बँड, मग लढाईवरून आलेले लोक, काहींचा पोशाख पोटावर बसत नव्हता. सगळी टाऊनशिप दफनभूमीवर लोटली. प्रत्येक सैनिकाच्या दगडाशी छोटं निशाण, प्रत्येक घरच्या दगडाशी फुलं. मग गवतावर चादरी पसरून लोकांनी डबे उघडले. ऑटो लांबून मला ओरडून म्हणाला, "बघा, आम्हीही त्यांना सोडून खात नाही!" मला बरं वाटलं.

वेबरबाईंनी अंगणातली मोठी गुलाबी फुलं बादलीभर कापून घेतली होती. बादली मी धरली होती. त्या आजेसासऱ्यांच्या दगडापर्यंत आल्या, इंग्रजी नावापुढं एक फूल ठेवलं, आणि बाकीची सगळी घेऊन वळसा घालून झुडपात शिरल्या. चांगल्या कपड्यांत, त्या वयात, गुडघ्यांवर. मी फांद्या धरून उभा राहिलो. विचारावं लागलंच नाही. जमिनीकडं बघतच त्यांनी सांगितलं.

पहिल्या लढाईत अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली तेव्हा त्या ह्या घरात नव्या सून म्हणून आल्या होत्या. आजूबाजूची निम्मी घरं जर्मन बोलणारी. एका सकाळी दफनभूमीतल्या प्रत्येक जर्मन दगडाला डांबर फासलेलं आढळलं. पुढं दगड फोडणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी दोन घोडे आणले, साखळी लावली, आणि स्वतःच्या वडलांचा दगड फिरवला. अक्षरं झुडपाकडं, पाठ रस्त्याकडं. मग त्या पाठीवर इंग्रजी नाव कोरून घेतलं.

"कुणी फासलं होतं डांबर?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांनी. ऑटोचा बापही त्यात होता. ऑटोला ते ठाऊक आहे, म्हणून ह्या बाजूचं गवत तो हाताने कापतो. आम्ही कधी बोललो नाही ह्यावर. काय बोलायचं?"

"आता फिरवून का घेत नाही? आता कोण फोडणार?"

त्या म्हणाल्या, "आता वाचणारं कोण आहे?"

मग बराच वेळ फुलं मांडत राहिल्या. उठताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्या दिवसानंतर सासरे घरात जर्मन बोलले नाहीत. वीस वर्षं. मरताना मात्र बोलले. तीन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. मी उशाशी बसले होते. लहानपणी मला येत होतं, पण तोवर मी विसरले होते. ते काहीतरी मागत होते. काय, ते मला कळलं नाही."

अक्का, मी बादली खाली ठेवली आणि तिथंच बसलो, त्याच बैठकीवर. ह्या वेळी कुणी उठवलं नाही.

घरी येऊन तुझ्या पत्राचं दुसरं पान उघडलं. तू लिहिलं आहेस:

'शेवटचे दोन दिवस अप्पा मराठी बोलले न्हाईत. नीरु नीरु म्हणायलते. सुशीलाबाई शेजारी बसली व्हती, तिला कळंना, ती म्हणाली कुणाला बोलवायलेत? मी पाणी पाजलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, तम्मा बंदानेनु? मी म्हणलं, बरतान अप्पा. मग झोपले.'

तम्मा आला का. येतोय, अप्पा.

एवढंच आहे त्या पानावर, आणि मी ते दोन महिने घडी करून ठेवलं होतं. अप्पा गेले हे मी सोसलं. त्यांनी माझी वाट बघितली हेही कसंबसं सोसलं असतं. पण मला ज्या भाषेत हाक मारली ती भाषा आपल्या घरात नाहीच, असं मी चार वर्षं टाळ्यांच्या गजरात सांगत होतो, त्याचं काय करू? अप्पा गिऱ्हाइकाशी मराठी बोलत, कचेरीत उर्दू, आणि तेलंगणातून येणाऱ्या व्यापाऱ्यांशी तेलुगूत घासाघीस करत. कानडी बोलत ती बैलांशी, देवाशी आणि आपल्या दोघांशी. मी हायस्कुलात गेल्यावर तुला सांगितलं, चारचौघांत तम्मा म्हणू नको, भाऊ म्हण. तू ऐकलंस. अप्पांनी ऐकलं नाही, आणि रागावलेही नाहीत. माझ्या एकाही सभेला ते आले नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "तू चांगलं बोलतूस म्हणं. मला सांगायलते लोक. दुकान कोण बघायचं?"

तू पाणी पाजलंस. तुला नीरु कळलं. तुझ्या जागी सुशीलाबाई एकटीच असती तर अप्पा तहानलेले गेले असते, आणि ती बिचारी चांगली शेजारीण आयुष्यभर वेबरबाईंसारखी विचारात पडली असती. रात्रभर मला दुसरं काही सुचलं नाही.

म्हणून आता उत्तर लिहितो. हे पत्र अय्यांपुढं वाच, भगवानरावांपुढं वाच, गुरुशांतप्पा आला तर त्याच्यापुढंही वाच.

दगडावर अप्पांचं नाव कानडी अक्षरांत कोरा. फक्त नाव. दगड गुडघाभर असू दे, आजाचा आहे तेवढाच. पुरुषभर नको. अप्पा स्वतः त्या मापाचे नव्हते. गुरुशांतप्पाला सांग, नावाखाली राज्याचं, मुलखाचं, भाषेचं एक अक्षर जास्त दिसलं तर मी स्वतः छिन्नी घेऊन बसेन. आणि तोंड रस्त्याकडंच ठेवा. लपवायचं काही नाही.

दोन बाजूंचं तुझं म्हणणं मला पटलं होतं. पण मी दोन बाजूंचा दगड बघितला आहे. ज्याच्या हाती जोर असतो त्याची बाजू रस्त्याकडं येते आणि दुसरी झुडपात जाते. आज आपण शहाणपणाने दोन्हीकडं कोरू, उद्या कुणीतरी घोडे आणि साखळी घेऊन येईल. आपले अप्पा बसलेले आहेत, अक्का. बसलेल्या माणसाला कुणाच्या भीतीनं किंवा सोयीनं फिरवायचं नसतं.

भगवानरावांना वाईट वाटेल. ते माझे मित्र आहेत, त्यांनी माझ्याबरोबर तुरुंगातल्या भाकरी खाल्ल्या आहेत. त्यांना माझ्या वतीने सांग की माझं मत तसूभरही हललेलं नाही. औरादचा शेतकरी ज्या भाषेत रडतो आणि भांडतो त्याच भाषेत त्याचा कारभार चालला पाहिजे, आणि ती भाषा मराठी आहे. हे मी आल्यावर पुन्हा बोलेन, पहिल्यापेक्षा मोठ्यानं बोलेन. सभेत कुणीतरी उठेल. उठणारच. म्हणेल, "विरुपाक्ष मास्तर, तुमच्या बापाच्या दगडावर काय लिहिलंय ते सांगा की." सगळे हसतील. मी त्यांना हसू देईन. मग सांगेन, माझ्या बापाचं नाव लिहिलंय. त्याच्या भाषेत. मी तुमच्या भाषेसाठी भांडतो तो त्याचाच मुलगा आहे, म्हणून भांडतो. कुणाची हाक कुणी झुडपात ढकलू नये, एवढंच मला मागायचं आहे, आणि ते मागताना मी माझ्याच बापाला ढकललं तर माझं तुम्ही ऐकावं कशाला?

टाळ्या पडतील की नाही ठाऊक नाही. बहुतेक नाही पडणार. इथल्या न्हाव्यासारखं एखाद्याच्या बायकोने घरी जाऊन पुन्हा विचारलं, तरी पुरे.

आज सकाळी ऑटोला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "क्लाराचा दगड फिरवायचा असेल तर माझ्याकडं ट्रॅक्टर आहे." मी म्हटलं, मला नाही, त्यांना विचारा. तो टोपी काढून आमच्या मागच्या दाराशी गेला. मी वर माझ्या खोलीत आलो. खाली दोघं अजून बोलतायत. शब्द कळत नाहीत, पण थांबत नाहीत.

कॉलेजने आणखी एक वर्ष राहा म्हणून विचारलं होतं. हे मी तुला कळवलं नव्हतं. नको म्हणून सांगितलं. जुलैच्या बोटीचं तिकीट आहे. दगड श्रावणातल्या सोमवारी बसवा, मी तोवर पोचतो. पहिला घास मी ठेवीन. चटणी जरा जास्त कर, एक डबा इकडं पाठवायचा आहे.

तू अप्पांना बरतान म्हणालीस. तुझा शब्द खोटा पडू देणार नाही. उशीर झाला, तरी येतोय.

तुझा आणि अप्पांचा,
तम्मा